लाल अक्षरांची बाजू

बे सिओक इमचं घर कुठलं असं बाजारात विचारलं, की लोक विचारत, "कोण? ती मेलेल्यांची चौकशी करणारी?" आणि गल्लीच्या टोकाकडे बोट करत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उभी हयात टेलिफोन खात्यात बसून तिनं जिवंत माणसांच्या तारा जोडल्या होत्या. निवृत्तीनंतर मेलेल्यांच्या जोडते, फरक काय तो एवढाच, असं ती म्हणे. वर हसून पुस्ती जोडी, "मेलेले परवडले. 'अजून लागत कसा नाही?' म्हणून अंगावर तरी येत नाहीत."

आमच्या पिनांग बेटावरच्या चिनी वस्तीत पूर्वज शोधून देणारं एक मंडळ होतं. ते एका झाडपाल्याच्या औषधांच्या दुकानावर, माडीवर भरायचं. खाली वाळक्या मुळ्यांचा नि सालींचा उग्र वास, वर पंख्याखाली काही निवृत्त मास्तर, कारकून आणि ही एक टेलिफोनवाली. ऑस्ट्रेलियातनं, कॅनडातनं पत्रं यायची: आमचे खापरपणजोबा अमुक गावचे, बोटीत बसून तुमच्याकडं आले, पुढं काय झालं ठाऊक नाही. मग मंडळी उठायची. कुळघरातल्या पूर्वजांच्या लाकडी पाट्या बघायच्या, गल्लीतली जुनी खोडं गाठायची, आणि सगळं करून थकलं की कबरींची टेकडी चढायची. माणूस जन्मभर कितीही थापा मारो, त्याचा कबरीवरचा दगड सहसा खरं बोलतो. कपाळावर मूळ गाव, मध्ये नाव, कडेला पोराबाळांची नावं.

सिओक इमचं काम नेटकं. झिजलेली अक्षरं डोक्यावरच्या उन्हात दिसत नाहीत, म्हणून पिशवीत एक आरसा. आरशानं ऊन तिरपं दगडावर पाडलं, की पुसलेलं नावही अंग झटकून उठून बसे. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं, मग जागा बदलून पुन्हा तेच. आणि तिचा एक नियम सगळ्या नवख्यांना पाठ होता: एका तोंडाचं खरं धरायचं नाही, दुसरा साक्षीदार आणायचा.

"तुमच्या घरी सांगतात ते गोड असतं," ती पाहुण्यांना स्पष्ट बजावे. "प्रत्येकाचा आजा जहाजाचा मालक असतो. इथं येऊन बघावं तर निम्मे रिक्षा ओढत होते."

दुसरा नियम रंगाचा. तो मंडळाचा नव्हे, सगळ्या टेकडीचाच. नवरा आधी गेला तर त्याची कबर जोडीची बांधतात. एका बाजूला तो, दुसरी बाजू बायकोसाठी राखलेली. तिचं नाव त्याच वेळी कोरून ठेवायचं, पण भरायचं लाल रंगानं. लाल म्हणजे बाई अजून चालती-बोलती आहे. ती आली, तिला ठेवली, कबर बंद केली, की मुलगा त्याच दिवशी लालाचं सोनेरी करतो. आडनाव तेवढं दोन्हीकडे लालच राहतं, कारण कूळ मरत नाही. म्हणून सिओक इम नवख्यांना सांगायची, "नाव सोनेरी, तर आत माणूस. नाव लाल, तर आत माती. पुढं चला."

टेकडीच्या पूर्व उतारावरनं मोठा रस्ता जाणार असं ठरलं, तेव्हा मंडळानं तो अख्खा उतार ह्याच नियमानं पालथा घातला. कुठल्या कबरीत कोण आहे, त्यांची माणसं कुठं आहेत, ते शोधून ज्याच्या त्याच्या घरी कळवलं. घरच्यांनी मागणी केली की खणणारे येणार, अस्थी काढणार, आणि त्या देवळातल्या कोनाड्यात जाणार. जी बाजू रिकामी म्हणून नोंदली, ती कोणी उघडणार नव्हतं. तिच्यावरनं थेट यंत्र फिरायचं होतं.

सिओक इमच्या आजोबांची कबर त्याच उतारावर. आजोबा सोनेरी, आजी लाल.

आजीची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. जपान्यांच्या अमलात तापानं गेली. त्या सुमाराला दवाखान्यात जे गेले ते सगळे एका खड्ड्यात, कोण कुठं याचा पत्ता नाही. सिओक इमचा बाप तेव्हा कोवळा पोरगा. त्याला रेल्वेच्या कामावर धरून नेलेलं. लढाई संपल्यावर तो हाडांचा सापळा होऊन परतला, तर आई नाही. टेकडीवर गेला, तर आईचं नाव लालच. म्हणजे तिला इथं कुणी आणलीच नाही. रंग बदलायचा तो कबर बंद करताना, मुलानं. त्यानं तर काही बंद केलंच नव्हतं. मग दर चेंग बेंगला, कबरी झाडायला सगळं गाव टेकडीवर लोटतं तेव्हा, तो बापाचं नाव सोनेरीनं उजळायचा आणि आईचं लालानं. तो गेल्यावर कुंचला थोरल्या मुलाकडे आला, बून ल्योंगकडे. बून ल्योंगची रिक्षांच्या नि गाड्यांच्या पाट्या रंगवायची दुकानदारी. त्याच्या हाताला असं वळण, की शेजारच्या कबरीवाले बघायला यायचे.

तर एके दिवशी दुपारी जेवताना बून ल्योंग म्हणाला, "आजोबांचं काम झालं. खणणाऱ्यांनी दिवस दिलाय."

गेओक आत्या भाताची पेज ओरपत होती. बापाची धाकटी बहीण, लग्न न केलेली, ऐंशी कधीच ओलांडलेली. ती बोलायची कमी, म्हणून घरात तिला फारसं कुणी विचारायचंही नाही. तिनं वाटी खाली ठेवली.

"आणि आईचं?"

"कुठल्या आईचं, आत्या?"

"माझ्या. तिला काय तिथंच ठेवणार?"

बून ल्योंग हसला. "अगं, ती बाजू रिकामी आहे. आजी कुठं तिथं आहे?"

"तिथंच आहे," आत्या म्हणाली. "मी मागनं चालत गेलते की."

सिओक इमच्या हातातली खारवलेल्या मुळ्याची फोड तशीच राहिली. "आत्या, हे कधी सांगितलं नाहीस ते?"

"सांगितलं की. तुझा बाप आला तेव्हा सांगितलं. म्हणाला, तू तेव्हा सहा वर्षांची, तुला काय कळतंय. पुन्हा म्हणून नाही बोलले. आणि त्यानंतर विचारलं कुणी?"

मग ती सांगू लागली, जसं काल बाजारातनं आल्याचं सांगावं. शेजारच्या तांबटानं आपल्या मागचं दार काढलं. पेटी कुठली मिळायला तेव्हा! दारावर आईला घातली. चौघे होते. हिनं रडू नये म्हणून कुणीतरी उकडलेल्या टॅपिओकाचा तुकडा हातात दिला. वर गेले, बाबांच्या शेजारी उकरलं, ठेवली, लोटलं. सगळ्यांना खाली पळायची घाई.

"रंग?" सिओक इमनं विचारलं.

"कसला रंग, बाई? खायला मीठ नव्हतं."

"ते चौघे कोण? नावं सांग. पाऊस होता का? कुठल्या वाटेनं गेलात?"

आत्या चिडली. "मी काय तुझी ऑस्ट्रेलियावाली पाहुणी आहे व्हय, असं उलटंसुलटं विचारायला?"

बून ल्योंगनं पाट सरकवल्यासारखी खुर्ची सरकवली. "झालं! दर वर्षी टेकडीवर जातेस, तिथलंच काहीतरी डोक्यात बसलंय. आणि रिकामी कबर उघडली म्हणजे काय होतं, ठाऊक आहे ना सगळ्यांना?"

ठाऊक होतंच. उघडलेली रिकामी कबर आ वासून बसते, आणि त्याच घरातलं कुणीतरी गिळल्याशिवाय तोंड मिटत नाही. घरात सगळ्यात पिकलेलं पान कोण, हे सांगायला नको होतं. तिघांनीही आत्याच्या वाटीकडे बघितलं. वाटीत पेज निवत होती.

त्या दिवसापासून सिओक इमच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. लोकांच्या आज्यांची हाडं ती चहा पीत पीत हुडकायची. आता स्वतःच्या आजीचं नाव निघालं की चहा निवून जाई. उघडायची मागणी करायची तर मुदत अगदी तोंडावर आलेली, आणि सही थोरल्या नातवाची लागणार, म्हणजे बून ल्योंगची. नाही उघडली आणि ती आत असली तर? वरनं डांबर, डांबरावरनं ट्रक, जन्मोजन्म. उघडली आणि ती नसली, आणि पुढच्या महिन्यात आत्याला साधा खोकला झाला तर? दादा काय म्हणेल ते तिला ऐकू येत होतं.

ती मंडळाच्या अध्यक्षांकडे गेली. गान मास्तर, गणिताचे. उताराची पाहणी त्यांच्याच देखरेखीखाली झालेली.

"सहा वर्षांची पोर," मास्तर म्हणाले. "सिओक इम, हेच कुणी पाहुण्यानं सांगितलं असतं तर तू काय म्हटलं असतंस?"

"दुसरा साक्षीदार आणा."

"मग?"

"पण मास्तर, लाल असून आत माणूस, असं होऊच शकत नाही का?"

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, उगाच. "होऊ शकतं म्हटलं तर आपण केलेलं सगळं..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. मग हळूच म्हणाले, "तसले शकुन-अपशकुन मी मानत नाही. पण माझ्या घरची असती, तर मी नसती उघडली."

मग ती साक्षीदार शोधायला बाहेर पडली. तांबटाची माणसं लढाईनंतर पाण्यापलीकडे, बटरवर्थला गेली असं कळलं. ती फेरीबोटीत बसली, चार ठिकाणी विचारत एका घरी पोचली. तांबटाची सून सापडली. ती खुर्चीत बसून शेंगा सोलत होती.

"मागचं दार?" सून म्हणाली. "नव्हतं म्हणतात खरं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं चटईच टांगलेली. सासूबाई म्हणायच्या, दार लढाईत गेलं."

सिओक इम पुढं सरकली. "कुणाच्या मयताला दिलं, असं काही?"

"ते नाही बाई ऐकलं. जाळलं असेल. तेव्हा लोकांनी जिनेसुद्धा चुलीत घातले." तिनं मूठभर शेंगा पुढं केल्या. "घ्या. एवढ्या लांबनं आलात ते दारासाठी?"

परतताना त्या शेंगा तिच्या पिशवीतच राहिल्या. अर्धा साक्षीदार म्हणजे नसल्याहून वाईट. मुळीच नसला तर माणूस गप तरी बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच टेकडीवर गेली. शेजारच्या उतारावर यंत्रं चालू झालेली. जमीन पायाखाली हलकी थरथरत होती, पानांवर तांबडी धूळ. तिनं आजीच्या नावावर आरसा धरला. पुटावर पूट, पुटावर पूट, बापाचं नि भावाचं लाल, इतकं जाड नि गुळगुळीत की खालचा दगड काही बोलेना. आजोबांच्या बाजूची माती नि हिच्या बाजूची माती सारखीच खचलेली. किंवा सारखीच न खचलेली. बघावं तसं दिसत होतं. ती आपल्याच डोळ्यांना भ्याली. जे हवं ते दगडावर वाचणारी माणसं तिनं पुष्कळ बघितली होती, आणि त्यांची चेष्टाही केली होती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती भावाच्या दुकानात गेली. सोबत आत्या. नको नको म्हणताना रिक्षात बसलीच.

बून ल्योंग एका मासळीच्या गाडीवर नाव काढत होता. मान वर न करता म्हणाला, "सही करणार नाही. पुन्हा पुन्हा येऊ नकोस."

"दादा, ऐकून तर घे."

"काय ऐकू? साक्षीदार सापडला?"

"नाही."

"मग? तुझाच कायदा ना? लोकांना शिकवतेस तो तुझ्या घराला लागू नाही?" कुंचला त्यानं डब्यात आपटला. "आणि ह्या म्हातारीला काय झालं तर? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मला काय व्हायचं राहिलंय?" आत्या स्टुलावर टेकत म्हणाली. "दात गेले, गुडघे गेले. कबरीनं गिळलं तर तिलाच अपचन होईल."

"आत्या, चेष्टा नको."

"बरं, नको." ती सिओक इमकडे वळली. "तुला दुसरा साक्षीदार हवाय ना गं? दुसरी साक्षीदार खाली पडलीय. मातीखाली. तिला विचारायचं तर उकरायलाच पाहिजे. नाहीतर बसा वाट बघत."

मासळीवाला बाहेर उभा होता, तो आपणहून कॉफी प्यायला निघून गेला.

सिओक इम हळूच म्हणाली, "दादा, तुला भीती आत्याची नाही वाटत."

"मग कशाची वाटते?"

"ते तू सांग."

बून ल्योंगनं बोटांवरचा रंग फडक्याला पुसायला घेतला.

"समज, ती आत आहे," तो म्हणाला. "म्हणजे मी दर वर्षी गेलो, तिच्या डोक्याशी बसलो, धूप लावला, आणि चांगल्यातला चांगला रंग घेऊन तिच्या नावावर लिहून आलो, की बाई, तू मेलीच नाहीस. तुझी जागा रिकामी आहे. बाबांनी तेच केलं, मी तेच केलं. तिच्या उशाशी बसून, सिओक! आणि वर शेजारचे म्हणायचे, वा, काय हात आहे!"

आत्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वेड्या, तिला वाचता कुठं येत होतं?"

तो हसायला गेला, पण हसू रडण्यातच निघालं. सही त्यानं त्याच दुपारी केली. कचेरीची खिडकी मिटायच्या बेतात असताना कागद आत सरकवला. आता मागं फिरायची वाट उरली नव्हती.

खणायच्या दिवशी आभाळ झाकोळलेलं. आजोबा आधी निघाले, रीतसर. काळी छत्री धरलेली, कारण हाडांनी आभाळ बघू नये. बून ल्योंगनं हाक दिली, "आजोबा, घर बदलतोय, घाबरू नका." मग मुकादमानं दुसऱ्या बाजूकडे बघितलं.

"ही लाल आहे," तो म्हणाला. "उघडायची नक्की?"

"उघडा," बून ल्योंग म्हणाला.

फावडी चालली. आत्या उतारावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, वर छत्री धरून बून ल्योंगची सून उभी. गान मास्तरही आले होते, जरा लांब, पाठीमागं हात बांधून. मातीचा ढीग वाढत गेला. कोरी माती, तांबडी, एकसारखी. गुडघ्याइतकं खोल. मांडीइतकं. सिओक इमनं आत्याकडे बघायचं टाळलं. खणणाऱ्यांपैकी एकजण थांबला, कपाळ पुसलं, आणि दुसऱ्याला काहीतरी पुटपुटला. दुसऱ्यानं मान हलवली.

"काय म्हणाला तो?" सिओक इमनं विचारलं.

"माती कोरी वाटते म्हणतोय," मुकादम म्हणाला. "ताई, आजोबा होते तेवढ्या खोलीवर आलो. सांगा, थांबायचं का?"

बून ल्योंगनं बहिणीकडे बघितलं. त्या बघण्यात शिवी नव्हती, त्याहून वाईट काहीतरी होतं. खालून आत्याचा आवाज आला, बारीक, "अजून खाली. घाईत होते ते, पण कुत्र्यांच्या भीतीनं खोल उकरलं होतं."

"हे आधी का नाही सांगितलंस?" सिओक इम ओरडलीच.

"आत्ता आठवलं!"

आणखी थोडं खणलं. सिओक इमला फक्त फावड्याचा आवाज ऐकू येत होता, मऊ, मऊ, मऊ. मग खट्ट. मुकादमानं हात वर केला, स्वतः खाली उतरला, बोटांनी माती सारली. गंजलेलं लोखंड वर आलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं.

"बिजागरी आहे," तो म्हणाला. "इथं बिजागरी कशाला?"

तो पुन्हा वाकला. काही वेळानं त्यानं वर न बघताच म्हटलं, "छत्री आणा."

छत्री बून ल्योंगनंच धरली. हाक द्यायची ती त्यालाच द्यायची होती, पण त्याच्या तोंडून शब्द निघेना. मग आत्या खुर्चीतनं उठली, सुनेच्या आधारानं कडेपर्यंत आली आणि म्हणाली, "आई, हा तुझा नातू. त्याला बोलता येईना झालंय. चल, बाबांबरोबर जायचंय." एवढं बोलून ती परत जाऊन बसली. रडली नाही. सुनेला म्हणाली, "पाणी दे."

सिओक इमला वाटलं होतं आता मोकळं वाटेल. हाडं लाल कापडात बांधली जात होती. तिनं मान वर केली, आणि तेव्हाच गान मास्तरांचा चेहरा तिला दिसला. मास्तर त्यांच्याकडे बघत नव्हते. ते वरच्या रांगांकडे बघत होते. एका रांगेत सोनेरी, सोनेरी, लाल. त्याच्यावर लाल. पलीकडे पुन्हा लाल. ह्या सगळ्यांसमोर 'रिकामी' लिहिलं होतं. तिनं वाचलं होतं, मास्तरांनी लिहिलं होतं. मग जागा बदलून पुन्हा.

"मास्तर," ती म्हणाली. "जपान्यांच्या काळात काय फक्त आमचीच आजी गेली?"

मास्तरांनी रांगांवरची नजर काढली नाही. "यंत्र सोमवारी ह्या बाजूला येणार."

"मागण्यांची मुदत संपली."

"संपली. मी जाऊन बसतो कचेरीत. दारात आडवा पडतो. पण काय सांगू? कुठल्या घरचं सांगू? ह्यांतल्या निम्म्यांची माणसं आपल्याला सापडलीच नव्हती."

बून ल्योंग बोचकं आत्याच्या मांडीवर ठेवून वर आला. त्याचे डोळे सुजलेले. "दुकानातनं सोनेरी घेऊन येऊ का?" त्यानं विचारलं. "निदान दगड फुटायच्या आधी एकदा तिचं नाव..."

"दादा, आत्ता नको," सिओक इम म्हणाली. "आत्ता वर चल."

तिघं चढू लागले. उतारावर पाय सरकत होते, शेजारच्या टेकाडावर यंत्र घरघरत होतं. पहिल्या लाल नावापाशी मास्तर थांबले आणि नाव, गाव मोठ्यानं वाचू लागले. सिओक इमला पुढचं सुचेना. नाव होतं, गाव होतं, माणसं कुठं होती?

बून ल्योंग दगडाशी उकिडवा बसला. त्यानं अंगठ्यानं लाल अक्षर चाचपलं, नखानं कड उकलून बघितली, वास घेतला.

"हा रंग ह्याच वर्षीचा आहे," तो म्हणाला. "जुन्यावर लावलाय, पण काठ सांभाळून. माझ्यासारखाच कुणीतरी येतोय इथं दर चेंग बेंगला." तो उठला, गुडघ्याची माती न झटकताच. "ह्या रंगाचा डबा आपल्या गावात दोनच दुकानांत मिळतो. चला, ती बंद व्हायच्या आत विचारू, हा रंग कोण कोण नेतं ते."